कारखाना मकरपुऱ्यात, मुक्काम परदेशात

बडोद्याच्या मराठी माणसाला परदेश नवा नाही. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, तेही परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. आता परतीचा करार कुणी लिहून घेत नाही आणि जाणारा विद्यार्थीच असतो असंही नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस माणसांचं वर्कशॉप चालवणारा, दांडिया बाजारातलं वडिलोपार्जित दुकान सांभाळणारा किंवा अलकापुरीत सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलेला पंचेचाळिशीचा माणूसही आता विचारतो, "धंद्याच्या जोरावर पीआर कुठे लवकर मिळते? आणि पासपोर्ट?"

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देशांच्या यादीत शोधतात. मी आधी उलटा प्रश्न विचारतो: वर्षातले किती दिवस तुम्ही बडोद्याबाहेर राहू शकता? कारण भांडवल, भाषा, बिझनेस प्लॅन या सगळ्याची तजवीज होऊ शकते. पण बहुतेक देश उद्योजकाला वास्तव्य देतात ते त्यानं तिथं राहावं म्हणून, आणि आपल्याकडचा लहान कारखाना चालतो तो मालक रोज शेडमध्ये येतो म्हणून. एक माणूस दोन्हीकडे पुरत नाही. ही ओढाताण आधीच मांडली तर बरेच निर्णय सोपे होतात.

धंदा, वास्तव्य आणि नागरिकत्व

या तीन गोष्टी बोलताना एकात मिसळतात. कायद्यात त्या वेगळ्या आहेत.

परदेशात कंपनी काढायला तिथं राहावं लागतंच असं नाही. बडोद्यात बसून ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत कंपनी नोंदवता येते. भारतातले परकीय चलनाचे नियम मात्र पाळावे लागतात. तुमचं गिऱ्हाईक तिकडे आहे आणि माल इकडे बनतो, एवढीच गरज असेल तर कंपनी, एक चांगला वितरक आणि बिझनेस व्हिजिटर व्हिसा पुरतो. मग पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, कशासाठी हवी, हे घरी बसून स्पष्ट करा. मुलांच्या शिक्षणासाठी? स्वतःच्या म्हातारपणासाठी? की धंद्याची खरोखर गरज आहे म्हणून? प्रत्येक उत्तराचा मार्ग निराळा आहे.

धंदा आणि वास्तव्य असूनही नागरिकत्व नसतं, याचं उदाहरण आखाती देश. धनंजय दातारांनी १९८४ पासून दुबईत किराण्याच्या छोट्या दुकानातून मसाल्यांचा मोठा व्यवसाय उभा केला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. अमिरातीत असा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करता येतो, पण अर्ज करून, ठरावीक वर्षं भरून नागरिकत्व मिळण्याची सर्वसाधारण वाट तिथं नाही.

नागरिकत्वाविना धंदा करण्याची दुसरी बाजू गुजरातला चांगली माहीत आहे. बँक ऑफ बडोदानं परदेशातल्या पहिल्या शाखा १९५३ साली मोम्बासा आणि कंपाला इथं उघडल्या, कारण गुजराती व्यापारी तिथं आधीपासून होते. ऑगस्ट १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला सांगितलं. दुकानं, जिनिंगचे कारखाने, बंगले तिथंच राहिले आणि कोण कुठल्या विमानात बसणार हे हातातल्या पासपोर्टनं ठरवलं. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता त्यांतले हजारो ब्रिटनला गेले. म्हणून एखाद्या देशात मोठी गुंतवणूक करणार असाल तर तिथला आपला कायदेशीर दर्जा काय राहील, हे आधी विचारायला हवं.

कोणत्या दारातून?

अमेरिका. भारतीय नागरिकाला 'ई-२' हा गुंतवणूकदार व्हिसा मिळत नाही, कारण भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही. त्याच्या नावानं पॅकेज विकणारा भेटला तर तिथूनच उठा. चालत्या कारखान्याच्या मालकाला जास्त जवळचा मार्ग 'एल-१ए'चा. बडोद्याच्या कंपनीत गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष सलग व्यवस्थापकीय पदावर काम केलेला माणूस तिच्या अमेरिकन शाखेत जाऊ शकतो. शाखा नवी असेल तर पहिली परवानगी एका वर्षाची असते. त्या वर्षात शाखेनं खरा धंदा आणि माणसं उभी करायची, तरच मुदत वाढते, आणि ती एकूण सात वर्षांच्या पुढे जात नाही. या काळात बडोद्याची कंपनीही चालू राहायला हवी. इकडचं शटर पाडलं की तिकडचा पायाच जातो.

'ईबी-५'मध्ये गुंतवणुकीवर थेट ग्रीन कार्डाचा अर्ज होतो. मार्च २०२२ पासून ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख डॉलर आणि इतरत्र साडेदहा लाख डॉलर लागतात. त्यातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहाव्या लागतात. सुरुवातीचं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटींसह मिळतं. ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि त्या पाच वर्षांतले किमान तीस महिने अमेरिकेत काढलेले असावे लागतात.

ब्रिटन. एप्रिल २०२३ पासून 'इनोव्हेटर फाउंडर' व्हिसा आहे. मान्यताप्राप्त संस्थेनं तुमची कल्पना नवी, चालण्याजोगी आणि वाढण्याजोगी असल्याची शिफारस द्यावी लागते. ठरावीक भांडवलाची जुनी अट गेली. पण "आमचं फरसाण लंडनला नेणार" एवढ्यावर शिफारस मिळत नाही. इंग्रजी बी-२ पातळीचं हवं. तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, मात्र कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही.

जर्मनी. यंत्रसामग्री, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह या धंद्यांतल्या बडोदेकरांनी या दाराकडे जरूर बघावं. स्वयंरोजगारासाठीचा परवाना तिथं निश्चित रकमेवर मिळत नाही. त्या भागाला या धंद्याची गरज किती आणि तो पेलण्याचा तुमचा अनुभव किती, हे पाहिलं जातं. धंदा जमला तर तीन वर्षांनी कायम परवाना मिळू शकतो. नागरिकत्वासाठी जून २०२४ पासून सर्वसाधारणपणे पाच वर्षांचं वास्तव्य आणि बी-१ पातळीची जर्मन लागते. जर्मनीनं आता दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली आहे, भारतानं दिलेली नाही. त्याबद्दल पुढे.

कॅनडा. २०१३ साली सुरू झालेल्या स्टार्ट-अप व्हिसाचं आपल्याकडे फार आकर्षण होतं. रांग इतकी वाढली की २०२४ मध्ये एकेका मान्यताप्राप्त संस्थेला वर्षाला दहाच प्रस्तावांची मर्यादा घातली गेली. आज कुणी या नावाचं पॅकेज पुढे केलं तर नवे अर्ज घेतले जातात का, हे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. प्रांतांचे उद्योजकांसाठीचे स्वतंत्र कार्यक्रमही तिथंच कळतील. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात.

अमिराती. फ्री झोनमधली कंपनी आणि तिच्यावरचा निवासी व्हिसा ही सगळ्यांत जलद वाट आहे. साधा व्हिसा सहा महिने सलग बाहेर राहिल्यास रद्द होतो. दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाला ती अट नाही. म्हणून कारखाना सोडता न येणाऱ्याला दुबई सोयीची पडते, बडोद्याचे दिवस फारसे कमी न करता.

आता पैसे भरून थेट नागरिकत्व देणाऱ्या लहान देशांबद्दल. असा पासपोर्ट घेताना त्याची किंमत टिकेल का, हे बघा. जुलै २०२३ मध्ये ब्रिटननं डॉमिनिका आणि वानुआतूच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयानं माल्टाची नागरिकत्व-विक्री बेकायदा ठरवली. गुंतवणुकीवर वास्तव्य देणारी दारंही अशीच बंद झाली: ब्रिटनचं फेब्रुवारी २०२२ मध्ये, आयर्लंडचं २०२३ मध्ये, स्पेनचं एप्रिल २०२५ मध्ये. आज वाचलेला नियम अर्जाच्या दिवशी असेलच असं धरून चालू नका. नुसत्या पैशावरची योजना सरकार बदललं की बंद होऊ शकते, पण खरा धंदा असेल तर दुसऱ्या एखाद्या दारातून वाट काढता येते.

पैसा न्यायचा कसा

व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको दोघांची मर्यादा वेगवेगळी आहे आणि ३१ मार्चनंतर ती नव्यानं सुरू होते. त्यामुळे दोघांनी मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा पाठवलं तर दहा लाख डॉलरचं गणित कागदावर बसतं. पण भांडवली गुंतवणुकीत घरच्यांच्या मर्यादा एकत्र करायच्या असतील तर ते त्या खात्यात किंवा गुंतवणुकीत सहमालक असावे लागतात. अशा गुंतवणुकीसाठी पैसे पाठवायला बँक कर्ज देत नाही. पाठवलेले पैसे १८० दिवसांत वापरले नाहीत तर परत आणावे लागतात.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, विसरू नका. वर्षाला १० लाखांच्या वर गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापते. समजा डॉलर ८५ रुपयांना आहे आणि तुम्ही दोन लाख डॉलर पाठवलेत. एक कोटी सत्तर लाखांतले दहा लाख वजा जाता १ कोटी ६० लाखांवर ३२ लाख रुपये कापले जातील. ते आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर अडकून राहतात, आणि खेळत्या भांडवलावर चालणाऱ्या माणसाला ते जड जातं.

धंद्यातून गुंतवणूक करायची असेल तर नियम वेगळे आहेत. २०२२ च्या नियमांनुसार कंपनी, एलएलपी आणि नोंदणीकृत भागीदारी यांना नक्त मालमत्तेच्या चौपट रकमेपर्यंत परदेशी गुंतवणूक करता येते. बडोद्यात काका-पुतण्यांच्या कितीतरी भागीदाऱ्या नुसत्या स्टॅम्पपेपरवर चालतात. त्यांची नोंदणी ही तुमची पहिली पायरी. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर तुम्ही व्यक्तीच धरले जाता आणि मर्यादा अडीच लाख डॉलरचीच राहते. परदेशात कंपनी काढल्यावर दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत तिचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. तो चुकला की पुढची रक्कम अडते.

आणि शेवटी खरी अडचण. बहुतेक देश विचारतात, हा पैसा आला कुठून? वाघोडिया रोडचा प्लॉट विकला, पण दस्त सरकारी जंत्रीच्या भावानं झाला आणि उरलेले रोखीत घेतले, तर दाखवता येते ती फक्त दस्तातली रक्कम. रोखीचे पैसे परदेशी अधिकाऱ्यापुढे नसल्यासारखेच असतात. हवाल्यानं पाठवले तर अर्ज तर जाईलच, शिवाय इकडे गुन्हा उभा राहील. म्हणून जाण्याचा विचार असेल तर आधीची तीन-चार वर्षं विवरणपत्रात खरा नफा दाखवा. त्यावर भरलेला कर पुढे तुमचा पुरावा म्हणून कामाला येतो.

कपाटातले कागद

बडोद्याच्या मराठी घरात एकाच माणसाची तीन नावं सापडतात. महापालिकेच्या गुजराती जन्मदाखल्यावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावापुढे 'राव', पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. लग्नात बायकोचं नावच बदललेलं असतं. माहेरची सुनंदा सासरी सुजाता झाली, ते लग्नपत्रिकेत आहे पण राजपत्रात नाही. परदेशी अधिकाऱ्याला या दोन बायका वाटतात. अर्जाच्या वर्षभर आधी हे निस्तरा: नावबदल राजपत्रात, विवाह नोंदणी, गुजराती कागदांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं.

मग अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का. भारत २००५ पासून या व्यवस्थेत आहे. राज्यस्तरावर कागद साक्षांकित झाला की परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपॉस्टिल देतं आणि सदस्य देशांत तो चालतो. अमिरातीसाठी मात्र त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. तो अगदी आधी काढून ठेवू नका, कारण ताजा मागतात.

कर कुठे भरायचा?

पीआर मिळाली म्हणजे भारताचा कर सुटला, हा गैरसमज महागात पडतो. आयकर दिवस मोजतो. वर्षात १८२ दिवस भारतात काढले तर तुम्ही रहिवासीच. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर परदेशात स्थायिक झालेल्या नागरिकाच्या भेटींसाठीही ही मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते. दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसलेल्या भारतीय नागरिकाचं इथलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर त्याला न राहताही रहिवासी धरता येतं. म्हणजे 'दुबईत व्हिसा, बडोद्यात मुक्काम' या बेतात कराची बचत फारशी उरत नाही. येण्या-जाण्याच्या तारखांची वही ठेवा. व्हिसाच्या अर्जाला, आयकराला आणि पुढे नागरिकत्वाला तीच एक वही लागते.

पासपोर्ट बदलण्याआधी

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. वेगळा राजीनामा द्यायची गरज नसते. जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं असतं, आणि त्यानंतर त्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढता येतं. त्यावर हवं तितकं येता-राहता येतं, धंदा करता येतो, घर घेता येतं. मतदान, सरकारी नोकरी आणि शेतजमिनीची खरेदी मात्र जाते. कोकणात किंवा देशावर वडिलोपार्जित जमीन असेल तर ती वारशानं मिळू शकते, पण शेजारचा तुकडा विकत घेता येत नाही. वाटण्या आधी करून घ्या.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले सॅम पित्रोदा १९६४ साली अमेरिकेला गेले. तिथं टेलिफोन स्विचिंगची कंपनी उभी केली, ती १९८० मध्ये रॉकवेलनं घेतली. तोवर ते अमेरिकन नागरिक झाले होते. १९८४ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेसाठी परतले आणि पंतप्रधानांचे सल्लागार होताना त्यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं. तेव्हा परतीची वाट आहे. आज पाच वर्षांच्या ओसीआयनंतर बारा महिने भारतात राहून नागरिकत्व मागता येतं. पण हे पुन्हा दिवस मोजणं आलं. ज्याला पीआर पुरते आणि इथली शेती, मतदान, सार्वजनिक काम सोडवत नाही, त्यानं पासपोर्ट बदलायची घाई करू नये.

सल्ला कुणाचा?

फतेहगंज आणि अलकापुरीतल्या पाट्यांवर जाऊ नका. ज्या देशात जायचं त्याच्या नोंदवहीत सल्लागाराचं नाव आहे का ते बघा. कॅनडाच्या सल्लागारांना तिथल्या नियामकाचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी आहे. अमेरिकेसाठी वकील गाठा. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याला, रोख फी मागणाऱ्याला किंवा अनुभवाचे दाखले 'करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेवर गोठून मेलं. ती वाट वेगळी होती, पण भरवसा ठेवायचा तो एजंटच्या शब्दावर, ही सवय तीच. आणि लक्षात ठेवा, व्हिसाचा वकील फेमा (परकीय चलनाचा कायदा) बघत नाही आणि सीए व्हिसा बघत नाही. दोघांना एका टेबलाशी बसवा.

आधी तीन महिने

हे सगळं वाचून उत्साह वाढला असेल तर फी कुणालाही देण्याआधी एक प्रयोग करा. तीन महिने मकरपुऱ्याला जाऊ नका. घरी राहा, पुण्याला बहिणीकडे राहा, कुठंही. बँकेच्या सह्या, माल पाठवणं, कारागिरांची भांडणं, जीएसटी, वीज बंद पडल्यावरचा फोन, हे सगळं कोण बघतं ते लिहून काढा. घरी आई-वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण जातं, तेही लिहा. तीन महिन्यांत कारखाना सुरळीत चालला तर तुमच्याकडे परदेशी पाठवण्याजोगी कंपनी आहे, आणि तुम्ही 'एल-१ए'वर गेल्यावर बडोद्याची कंपनी चालू ठेवायला माणूसही आहे. दुसऱ्याच आठवड्यात तुम्हाला शेडमध्ये जावं लागलं तर देश निवडायला अजून वेळ आहे. आधी तो माणूस तयार करा.